मुख्याध्यापक वर्गात आले की तास का बदलतो? शिक्षकांचा आत्मविश्वास आणि शाळेचे धोरण

पाटीपेन्सिल यांचा प्रश्न

नमस्कार. १४ वर्षे गणित शिकवल्यानंतर गेल्या ८ महिन्यांपासून मी मुख्याध्यापिका म्हणून काम पाहत आहे. शाळेत २२ शिक्षक आहेत. शिक्षकांचा आत्मविश्वास आणि विद्यार्थ्यांचे शिकणे या दोन्हींना बळ देणारे धोरण हे सत्र संपण्यापूर्वी लिहून द्यावे, असे व्यवस्थापन समितीने मला सांगितले आहे. मसुद्याची चार पाने लिहूनही झाली. प्रशिक्षण, प्रेरणा, प्रोत्साहन, गुणगौरव हे शब्द त्यात भरभरून आले. पण शांतपणे वाचून पाहिल्यावर लक्षात आले, की यातल्या एकाही वाक्याने सोमवारी सकाळच्या पहिल्या तासाला काडीचाही फरक पडणार नाही.

एक प्रसंग सांगते. सातवीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालू होती. फळ्यावरचे अक्षर सुरेख, पायऱ्या नीट मांडलेल्या, 'समजले का?' या प्रश्नावर साऱ्या वर्गाचा एकसुरी 'हो'. मी मागच्या बाकाजवळ उभी होते. समोरच्या वहीत १/२ + १/३ = २/५ असे लिहिलेले होते आणि शेजारच्या वहीतही तेच. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक गणित शिकवणाऱ्या कोणालाही परिचयाची आहे. मला अस्वस्थ केले ते पुढे जे घडले त्याने. मी वहीत पाहत आहे हे बाईंच्या लक्षात आले, त्यांचा आवाज चढला, बोलण्याचा वेग वाढला आणि उरलेल्या १२ मिनिटांत त्यांनी एकाही मुलाला प्रश्न विचारला नाही. मधल्या सुट्टीत त्या स्वतःहून माझ्या खोलीत आल्या आणि 'ती दोन मुले कच्चीच आहेत' एवढे सांगून निघून गेल्या. विषयाचे ज्ञान म्हणाल तर त्यांना माझ्यापेक्षा कमी नाही.

माझे प्रश्न असे. आधी शिक्षकांचा आत्मविश्वास वाढवावा म्हणजे मुले शिकतील, की मुले शिकताना दिसली म्हणजे आत्मविश्वास आपोआप येईल? वर्गात मी जावे की जाऊ नये? आणि धोरण म्हणून कागदावर नेमके काय उतरवावे?

तिसरी घंटा यांचे उत्तर

मी १७ वर्षे मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. आपल्या प्रसंगातल्या बाई मला ओळखीच्या वाटल्या, कारण माझ्या शाळेत तशा अनेक होत्या आणि त्यांना तसे करण्यात माझाही हातभार होता. तुमच्या आधी त्यांच्या वर्गात आलेला प्रत्येक वरिष्ठ काहीतरी लिहून घेऊन गेला असणार, त्याने काय लिहिले हे त्यांना कधी कळले नसणार, आणि वर्षाच्या शेवटी ते कुठल्यातरी अहवालात उमटले असणार. तुम्ही वहीकडे पाहिलेत ते कुतूहलाने. त्यांना मात्र तो शेऱ्याचा पूर्वार्ध वाटला.

आत्मविश्वास हा शब्द आपण फार सैल वापरतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात 'हे ठरावीक काम मला जमेल' या विश्वासाचे चार उगम सांगितले आहेत: ते काम स्वतः करून आलेले यश, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या क्षणीची शरीर-मनाची अवस्था. यांपैकी पहिला उगम सर्वांत बलवान. आता बहुतेक शाळांचे धोरण या कसोटीवर लावून पाहा. व्याख्यान, सत्कार, प्रशस्तिपत्र असा सगळा भर तिसऱ्या उगमावर असतो, तोही धीर देणाऱ्याने त्या शिक्षकाचा तास कधी पाहिलेला नसताना.

त्यातले 'ठरावीक काम' हे शब्दही लक्षात घ्यावेत. तुमच्या बाईंना समजावून सांगण्याचा आत्मविश्वास भरपूर आहे, फळाच ते सांगतो. चारचौघांत एखाद्या मुलाचे चुकलेले उत्तर हातात घेऊन त्यावर तास पुढे नेता येईल, हा विश्वास मात्र त्यांच्यापाशी नाही. म्हणून त्यांनी प्रश्न विचारणेच थांबवले. 'तुम्ही छान शिकवता' असे त्यांना शंभरदा सांगितले तरी ही उणीव भरून निघणार नाही.

वर्गात जावे का, याविषयी माझी चूक आधी सांगतो. पहिली तीन वर्षे मी रोज सगळ्या वर्गांवरून फेरी मारत असे. दाराशी दोन मिनिटे, की पुढचा वर्ग. शाळेवर माझे लक्ष आहे, असा माझा समज होता. पुढे ग्रिसम, लोब आणि मास्टर या तीन संशोधकांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतील मायामी-डेड जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांचा वेळ दिवसभर कशात जातो, याच्या त्यांनी नोंदी घेतल्या होत्या. शिक्षकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळाचा संबंध विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी जुळला. अशा झटपट फेऱ्यांचा संबंध मात्र उलटा निघाला, आणि जिथे शिक्षक त्या फेऱ्यांकडे शिकण्याची संधी म्हणून पाहत नव्हते तिथे तो अधिकच उलटा होता. वाचून मला ओशाळल्यासारखे झाले.

त्यानंतर मी पद्धत बदलली. तासाच्या आदल्या दिवशी शिक्षकानेच मला एक प्रश्न द्यायचा: 'मागच्या दोन रांगा गटचर्चेत बोलतात का ते पाहा', 'माझ्या प्रश्नानंतर मी किती सेकंद थांबतो ते मोजा'. मी पूर्ण तास बसायचे आणि तेवढेच पाहायचे. नोंद शिक्षकाच्या वहीत करायची आणि ती वही शिक्षकाकडेच ठेवायची. माझ्या कपाटात तिची प्रत नाही. त्याच दिवशी पंधरा मिनिटे बोलायचे, आणि दहा दिवसांच्या आत त्याच वर्गात, तोच प्रश्न घेऊन परत जायचे. बदल होतो तो या दुसऱ्या भेटीमुळे. पहिल्या भेटीत सुचलेली गोष्ट शिक्षकाने करून पाहिलेली असते, ती थोडीफार जमलेली असते, आणि जमली हे दुसऱ्या कोणीतरी पाहिलेले असते. बांडुरांचा पहिला उगम म्हणतात तो हाच.

सेकंद मोजण्याचे उदाहरण काल्पनिक नाही. एका अनुभवी शिक्षकांनी मला तो प्रश्न दिला होता आणि आपण चार-पाच सेकंद तरी थांबतो, अशी त्यांची खात्री होती. वहीत आकडे पडले: १, १, २, १, शून्य, १. त्यांनी ते दोनदा वाचले आणि हसले. पुढच्या भेटीत ते प्रश्न विचारून हाताची घडी घालून उभे राहत होते, कारण हात मोकळा राहिला की खडू उचलून उत्तर लिहायचा मोह होतो, असे त्यांचे म्हणणे.

आणखी एक. सुरुवात तुमच्या तासापासून करा. मी नववीचा एक विषय शिकवत असे; चार शिक्षकांना माझा तास पाहायला बोलावले आणि तो तास साफ फसला. नंतरच्या चर्चेत मी ते कबूल केले, तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत 'फसलेला तास' हा शब्द उजळ माथ्याने वावरू लागला. विवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात नेतृत्वाच्या पाच अंगांपैकी 'शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे' या अंगाचे परिणामाचे माप सर्वाधिक, ०.८४ इतके आले. त्याखालोखालची दोन अंगे ०.४२ वर होती. त्या अंगावरचे अभ्यास थोडे होते, त्यामुळे आकड्याला फार चिकटू नये. परंतु 'स्वतः सहभागी' हे शब्द मसुद्यात घालायला हरकत नाही.

खडूची भुकटी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एका वर्गशिक्षिकेच्या बाजूने थोडे कडू बोलते.

गेल्या काही वर्षांत माझ्यासाठी जेवढी म्हणून धोरणे आली, त्या प्रत्येकाने मला एक नवी नोंदवही दिली आणि जुनी एकही परत घेतली नाही. टाचणवही, कमकुवत विद्यार्थ्यांची वही, त्यांच्यासाठी घेतलेल्या जादा तासांची वही, आणि ते तास घेतल्याचा छायाचित्रांसह पुरावा. एका वर्षी आत्मविश्वासावर तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले, त्याचा अहवाल लिहिण्यात दोन मोकळे तास गेले, आणि ज्या वह्या तपासायला मी ते तास राखले होते त्या घरी न्याव्या लागल्या. मुलाने २/५ का लिहिले याचा विचार करायला शांत डोके लागते. ते रात्री दहाला साठावी वही तपासताना शाबूत नसते.

म्हणून पाटीपेन्सिल, धोरणाचे पहिले पान 'आम्ही काय बंद करत आहोत' या शीर्षकाचे असू द्या. दुसरे, वेळापत्रक. एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणाऱ्या दोघींचा आठवड्यातला एक तरी तास एकाच वेळी मोकळा असावा, आणि कोणी रजेवर असले तरी तो तास बदली तास म्हणून काढून घेऊ नये. तेवढे जमले तर बाकीची तीन पाने नसली तरी चालतील.

उलटतपासणी यांचे उत्तर

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करतो. चर्चा चांगली चालली आहे, तरी एक गृहीतक तपासले जावे असे वाटते: आत्मविश्वास वाढला की अध्यापन सुधारते, हे.

शिक्षकांच्या स्वतःवरच्या विश्वासाचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी संबंध दिसतो, ही गोष्ट १९७६ च्या सुमारास रँड संस्थेच्या वाचनविषयक अभ्यासापासून नोंदवली गेली आहे. पुढे शॅनन-मोरन आणि वुलफोक हॉय यांनी २००१ मध्ये २४ प्रश्नांची मापनश्रेणी तयार केली, तीत अध्यापनाच्या पद्धती, वर्गव्यवस्थापन आणि विद्यार्थ्यांचा सहभाग असे तीन वेगळे भाग आहेत. (तिसरी घंटा यांनी 'ठरावीक काम' म्हटले, त्याला यातून पुष्टीच मिळते.) पण हे सारे शिक्षकाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर उभे आहे, आणि संबंध दोन्ही दिशांनी वाहू शकतो, चांगला वर्ग वाट्याला आलेल्या शिक्षकाचा आत्मविश्वास त्या वर्गामुळेही वाढतो. त्यामुळे 'आत्मविश्वास ७० वरून ८५ टक्क्यांवर नेणे' असे उद्दिष्ट कृपया लिहू नका. ते लिहिले की लोक प्रश्नावलीत चांगली उत्तरे देऊ लागतील, बाकी काही होणार नाही. उलट ज्या शिक्षकाला मुलांची चूक दिसतच नाही त्याचा आत्मविश्वास बहुधा उत्तम असतो, आणि ती चूक दिसू लागल्यावर काही काळ तो खाली येतो. हा उतार धोरणाला पचवता आला पाहिजे.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की सुरुवात मुलांच्या कामापासून करावी. तास संपायला पाच मिनिटे उरली असता प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर एक उदाहरण सोडवून द्यावे, नाव घातले नाही तरी चालेल. ब्लॅक आणि विल्यम यांनी १९९८ मध्ये जे आग्रहाने मांडले त्याचे हे साधे रूप आहे: मिळालेल्या माहितीने पुढचे अध्यापन बदलले, तरच ते शिकण्यासाठीचे मूल्यमापन. अपूर्णांकांचेच घ्या. 'बरोबर उत्तर काय?' असे पुन्हा विचारण्याऐवजी 'दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?' असे विचारले, तर अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान कसे आले, हा पेच मुलांसमोर आपसूक उभा राहतो. हा प्रश्न एकट्या शिक्षिकेला ऐन तासात सुचेलच असे नाही. दोघी-तिघींनी चिठ्ठ्या समोर पसरल्या तर सुचतो.

जपानमध्ये पाठ-अभ्यासाची जी जुनी परंपरा आहे, तिचे मर्म मला इथेच दिसते. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतला एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुले काय करतात हे टिपतात, आणि चर्चा पाठावर होते. पाठ सर्वांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तरी त्याचे खापर एकाच्या माथी फुटत नाही. निरीक्षकाची नजर शिक्षकावरून मुलांच्या वहीकडे वळते आणि तरीही कोणाचा आवाज चढत नाही.

दुसरा मुद्दा शाळेच्या वातावरणाचा. क्राफ्ट आणि पापे यांच्या २०१४ च्या अभ्यासात, सहकार्याचे आणि पाठबळाचे वातावरण असलेल्या शाळांतील शिक्षकांची परिणामकारकता दहा वर्षांत तसे वातावरण नसलेल्या शाळांतील शिक्षकांपेक्षा ३८ टक्के अधिक सुधारली. 'अनुभवाने माणूस शिकतो' हे आपण सहज म्हणून जातो. किती शिकतो हे तो कोणत्या शाळेत अनुभव घेतो यावरही ठरते. वैयक्तिक मार्गदर्शनाचाही उपयोग होतो: क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अध्यापनावर त्याचा परिणाम ठळक आणि विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याहून कमी, पण निश्चित दिसला. मात्र कार्यक्रम मोठा झाला की परिणाम घटत गेला. आपल्याकडे २२ शिक्षक आहेत ही अडचण समजू नका, तीच आपली सोय आहे.

पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दहा दिवसांत जे घडले ते सांगते.

बाईंच्या वर्गावर मी पुन्हा गेले नाही. त्याऐवजी मी शिकवते त्या सहावीच्या वर्गात चिठ्ठ्या घेतल्या आणि त्या शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पसरून बसले. माझ्याच वर्गातल्या ४१ पैकी १६ मुलांनी दशांश अपूर्णांकांत ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठे म्हटले होते, ३५ हे ४ पेक्षा मोठे म्हणून. मला स्वतःला हा धक्काच होता. सातवीच्या बाई पलीकडे वह्या तपासत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या उठून आल्या, चिठ्ठ्या चाळल्या आणि 'हे माझ्याकडेही असणार' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेची चिठ्ठी घेतली. ३८ मुलांपैकी १९ जणांचे उत्तर २/५ होते. 'ती दोन मुले' हा विषय मग दोघींनीही काढला नाही. आम्ही 'अर्ध्यापेक्षा लहान कसे?' हा प्रश्न घेऊन तास आखला, त्यांनी तो शिकवला, आणि या वेळी मला मागे उभे राहून मुलांच्या वह्या पाहायला त्यांनीच सांगितले. एक मुलगी म्हणाली, की छेद वेगळे असतील तर तुकडेच वेगळ्या मापाचे असतात, मग ते मोजायचे कसे? बाई तिथे खरोखर थांबल्या. किती सेकंद ते मी मोजले नाही.

मसुद्याची चार पाने बाजूला ठेवली आहेत. नव्या मसुद्यात आतापर्यंत एवढेच आले आहे: तीन नोंदवह्या बंद; एकाच इयत्तेच्या एकाच विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एक सामाईक मोकळा तास, आणि तो बदली तासासाठी घेण्याची वेळ आलीच तर त्या वर्गावर मी स्वतः जायचे; निरीक्षणाची नोंद शिक्षकाच्या वहीत; आणि प्रत्येक भेटीनंतर दहा दिवसांत दुसरी भेट. २२ शिक्षकांना दोन-दोन भेटी म्हणजे ४४ तास होतात. आठवड्याला चार तास काढले तर ११ आठवडे लागतील, म्हणजे एका सत्रात एक फेरी कशीबशी पूर्ण होईल. त्यासाठी माझ्या बैठका कमी कराव्या लागतील, हे समितीला तसेच लिहून देणार आहे.

एक शंका मात्र उरते. वार्षिक मूल्यमापनही मलाच करायचे असते. वहीत डोकावणारी मीच आणि शेरा लिहिणारीही मीच. ज्या एखाद्या शिक्षकाचे काम खरोखरच समाधानकारक नाही, त्याच्या बाबतीत मी काय करावे?

तिसरी घंटा यांचे उत्तर

हा पेच पूर्ण सुटत नाही, आणि तो सुटला आहे असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. मी तीन गोष्टी पाळत असे. मूल्यमापनाच्या भेटी वर्षातून दोनच, तारीख आधी कळवून, आणि त्यांचा अर्ज निराळा. मदतीच्या भेटीत पाहिलेले काहीही त्या अर्जात उतरवायचे नाही. मूल्यमापनाच्या भेटीला शक्यतो उपमुख्याध्यापकांनाही बरोबर न्यायचे, म्हणजे शेरा एकट्याचा राहत नाही. आणि एखाद्याच्या वर्गात मुलांचे खरोखर नुकसान होत असेल, तर मदतीच्या आडून ते सुचवत बसायचे नाही. खोलीत बोलावून स्पष्ट सांगायचे, की आजपासून या कामाकडे मी मूल्यमापन म्हणून पाहणार आहे, अमुक तारखेपर्यंत अमुक बदल अपेक्षित आहे आणि त्यासाठी तमुक सहकारी तुमच्यासोबत असेल.

हे तिसरे मला १७ वर्षांत दोनदाच करावे लागले. पहिल्या वेळी मी ते टाळत राहिलो आणि एक पूर्ण वर्ष घालवले. त्या वर्षातल्या मुलांच्या वाट्याला तो विषय पुन्हा आला नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ते दिसत होते, आणि मी काही करत नाही हेही दिसत होते. चांगले काम करणाऱ्यांचा माझ्यावरचा विश्वास त्या वर्षी सर्वांत कमी होता.

आपल्या ४४ तासांच्या हिशेबात मात्र एक दुरुस्ती करा. भेटीनंतरची पंधरा मिनिटे त्यात धरलेली नाहीत. ती धरा, नाहीतर सत्राच्या मध्यावर पहिल्यांदा तीच गळतात.